मुहूर्त पंचांगात पाहिला, छाटणीची तारीख कुणी पाहिली?

ताई,
मी 28 वर्षांची. माहेर नाशिकच्या गंगापूर रोडला, नोकरी पुण्यात. लग्न ठरलंय. मुलगा माझ्याच ऑफिसातला, घर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. आम्हा दोघांना गंगापूर धरणाजवळच्या एका वाइनरीच्या आवारात, वेलींच्या ओळींमध्ये, फक्त ऐंशी माणसांत लग्न करायचंय. निवांत आणि अस्सल, एवढंच हवंय. 14 फेब्रुवारीच्या आसपासचा मुहूर्तही निघालाय, तेव्हा वेली घोसांनी लगडलेल्या असतील. माझे आईबाबा तयार आहेत. सासरे, म्हणजे अण्णा, ऐकूनच घेत नाहीत. आधी म्हणाले, “दारूच्या कारखान्यात अक्षता टाकायच्या का?” मग म्हणाले, “त्या बागांनी आमचं एकदा वाटोळं केलंय.” आता तर या विषयावर बोलतच नाहीत. सासूबाई म्हणतात, गावात हजार-पंधराशे पान उठलंच पाहिजे. आणि तो म्हणतो, “तू म्हणशील तसं.” जागेचं टोकन पंधरा दिवसांत भरायचंय. अण्णांना कसं पटवू?
ता. क. मंडप खऱ्या द्राक्षांच्या घोसांनी सजवला तर कसं दिसेल?
– कोल्हीण, गंगापूर रोड

कोल्हीणबाई,

सही आवडली. पण द्राक्षं अजून आंबट म्हणायची वेळ आलेली नाही. टोकन भरलं नाहीस ना? मग भरू नकोस. पंधरा दिवसांची घाई जागावाल्यांना आहे, तुला नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. तू ते लिहून पुढे निघून गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. “त्या बागांनी आमचं एकदा वाटोळं केलंय.” सासरे चिडले की काहीही बोलतात, असं तुला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार ‘त्या बागा’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी ठरावीक असतं.

थोडं मागे जाते. राज्य सरकारनं 2001 साली वाइन उद्योगाला उत्तेजन देणारं धोरण आणलं. त्याआधी दोन वर्षं नाशिकची सुला वाइनरी सुरू झालेलीच होती. मग दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांत वाइनरी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी करार करून वाइनची द्राक्षं लावली. सोव्हिनियाँ ब्लाँ, शिराझ ही नावं तेव्हा पारावर बोलली जायची, उच्चार ज्याचा त्याचा. हिशेब सरळ दिसत होता. खायच्या द्राक्षासारखं डिपिंग-थिनिंग, म्हणजे घोस औषधात बुडवणं आणि मणी विरळ करणं नाही, मजुरी कमी, भाव आधीच ठरलेला. मग 2008-09ची मंदी आली. त्यातच मुंबईवर 26/11चा हल्ला झाला, पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांमध्येच पडून राहिली. कितीतरी शेतकऱ्यांचा माल वाइनऱ्यांनी उचलला नाही, किंवा उचलून पैसे थकवले. हे द्राक्ष दुसरीकडे विकताही येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. बाजारात टोपली घेऊन बसलं तर कोण घेणार? लोकांनी हातानं लावलेल्या वेलींना हातानंच कुऱ्हाड लावली. बँकेचे हप्ते मात्र तोडता आले नाहीत.

अण्णा त्यांतलेच एक असतील असा माझा कयास आहे. चुकीचाही असू शकेल. पण ‘दारूचा कारखाना’ हे कारण त्यांनी आधी सांगितलं आणि वाटोळ्याचं नंतर, यातच सगळं आलं. होणाऱ्या सुनेपुढे संस्कारांचं कारण सांगणं सोपं असतं. कर्जाचं सांगायला जीभ रेटत नाही.

म्हणून ‘कसं पटवू’ याचं उत्तर मी देणार नाही. एखाद्या रविवारी निफाडला जा. एकटी जा, त्याला बरोबर नेऊ नकोस. अण्णांना म्हण, बाग दाखवा. लग्नाचा विषय काढायचा नाही. बागाईतदाराला बाग दाखवा म्हटलं की तो चप्पल शोधायलाही थांबत नाही. ओळीनं फिरताना विचार, “अण्णा, इथं आधी काय होतं?” मग ऐक. मध्ये बोलू नकोस, फोटो काढू नकोस. तासभर लागेल. चहाला थांब.

आता तुझ्या मुहूर्ताकडे वळू. खरं सांगू? वाइनरीपेक्षा मला तोच जास्त खटकला.

तुला फेब्रुवारी हवा, कारण वेली लगडलेल्या असतात. लगडलेल्या वेली म्हणजे अण्णांच्या वर्षभराचा पैसा उघड्यावर टांगलेला. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली की साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे तुझ्या मुहूर्ताला त्यांची काढणी ऐन भरात असणार. व्यापारी येतो, मणी चाखतो, भाव पाडतो, उद्या गाडी लावतो म्हणतो आणि परवा लावतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी शेतात उतरलेली असते, क्रेट भरले जात असतात. वजनकाट्यापाशी घरचं माणूस नसेल तर काय होतं, ते कुठल्याही निफाडकराला विचार. वरून आभाळाची भीती. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी गारपीट झाली की दहा मिनिटांत वर्ष संपतं. कडाक्याची थंडी पडली तर मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागणारी माणसं आहेत ही. त्या आठवड्यात तू अण्णांना फेटा बांधून, पन्नास किलोमीटर लांब, कुणा दुसऱ्याच्या बागेत बसवणार आणि म्हणणार, निवांत बसा! शरीर लॉनवर बसेल, जीव काट्यापाशी असेल.

तुम्ही मुहूर्त पंचांगात पाहिलात. छाटणीची तारीख विचारली असतीत तर निम्मं भांडण झालंच नसतं.

मग कधी? माझ्या मते दोन वेळा आहेत आणि दोन्हींत काही ना काही सोडावं लागेल. पहिली, तुळशीचं लग्न झाल्यापासून धनुर्मास लागेपर्यंत, म्हणजे साधारण 15 डिसेंबरपर्यंत. छाटून दीड-दोन महिने झालेले असतात, बाग हिरवीगार असते, हवा सुरेख. घोस असतात पण मणी बारीक, पानाआड. फोटोत दिसणार नाहीत. अवकाळी पाऊस आला तर डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती आणि फवारणीची धावपळ, पण व्यापारी दारात नसतो. दुसरी वेळ माल गेल्यावर, मार्चअखेर ते एप्रिलमधली खरड छाटणी होईपर्यंत. तेव्हा बाग खाली झालेली असते, हातात पैसा असतो, आणि शेतकऱ्याघरची लग्नं त्याच सुमाराला का होतात हे तुझ्या लक्षात येईल. पण ऊन असतं, आणि पानं थकलेली असतात. खरड छाटणीनंतर तर जाऊच नकोस, नुसते ओलांडे, म्हणजे जाड आडव्या फांद्या, आणि खोडं उरतात. त्यांच्यापुढे उभं राहून रोमँटिक काही सुचणं कठीण.

मी पहिली वेळ घेईन. पण अण्णांना विचारून ठरव, आणि खरोखरच विचार. आधी ठरवून मग विचारल्याचं नाटक केलंस तर लगेच ओळखतील ते.

दिवस शनिवार-रविवार घेऊ नकोस. सुट्टीला मुंबई-पुण्याची निम्मी गर्दी त्याच रस्त्याला असते. तुझ्या सप्तपदीमागे गळ्यात गॉगल अडकवलेले अनोळखी लोक ग्लास घेऊन उभे दिसतील. मधला वार घे. त्यातही मार्गशीर्ष असेल तर गुरुवार टाळ. दोन्हींकडच्या अर्ध्या बायकांचा उपास असेल आणि आचाऱ्याचं अन्न वाया जाईल.

वेळ सकाळची. तुझ्या मनात गोरज मुहूर्त असणार, मला माहीत आहे. धरणावर कलणारा सूर्य वगैरे. दिसतो छान. पण डिसेंबरच्या सुरुवातीला नाशकात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात पाण्याकाठी गारठा चढतो. अक्षता पडल्यावर विधी, मग जेवणं, मग निफाडची बस. निफाड नाशिक शहराच्या पूर्वेला, धरण पश्चिमेला. मधे द्वारका चौकातली वाहतूक कोंडी. रात्री अकराला त्या बसमध्ये बसलेल्या सासूबाईंच्या मनात तुझ्याविषयी जे विचार येतील ते लग्नाच्या पहिल्या रात्री येऊ नयेत. अकरा-साडेअकराचा मुहूर्त घे, एकला पंगत. मग दुपार मोकळी सोड. तिच्यात कार्यक्रम घालायचा नाही, अँकर नाही, खेळ नाहीत. म्हातारी माणसं सावलीत लवंडतील, मुलं ठिबकच्या नळ्यांना अडखळून पडतील, कुणीतरी पत्ते काढेल, मामा घोरेल. तुला जे निवांत म्हणायचंय ते या तीन तासांत सापडेल. सूर्यास्त बघायचाच असेल तर तेव्हा दोघं जाऊन बघा, नवरा-बायको म्हणून. सातला गाड्या.

ऐंशी माणसं असल्याचा खरा फायदा जेवणात आहे आणि तो बहुतेक लोक घालवतात. ऐंशी माणसांना पंगतीत वाढता येतं! बुफेची रांग लावू नकोस. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलेबी, मठ्ठा, आणि सासरच्या बाजूनं डांगराची भाजी असलीच पाहिजे. आग्रह करायला दोन्हींकडचे काका लाव. उखाणे तिथेच होऊ देत, माइकशिवाय.

फोटोवाल्यांबद्दल एक सांगून ठेवते. माझ्या भाचीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकेवर, आणि ड्रोन इतका खाली आला की मुंडावळ्या उडून नवरदेवाच्या तोंडात गेल्या. गुरुजी थांबले. सगळे हसले, भाची रडली. नंतर फोटोवाला म्हणाला, परत एकदा घेऊ या का? तेव्हापासून मी सांगते, मंगलाष्टका सुरू झाल्या की कॅमेरे एका जागी. ड्रोन त्याआधी काय उडवायचा तो उडवा. नवरीची एंट्री, धूर सोडणारी यंत्रं, हे सगळं कापलंस तर सकाळचे दोन तास वाचतात आणि तुला पहाटे चारला मेकअपला बसावं लागत नाही. मामानं हात धरून आणणं हीसुद्धा एंट्रीच आहे, आणि तिला तालीम लागत नाही.

जागा बघायला जाशील तेव्हा झाडं बघू नकोस, स्वच्छतागृहं बघ. किती आहेत, लॉनपासून किती लांब, आजीला काठी टेकत जाता येईल का. होम पेटवू देतात का ते लेखी घे. काही ठिकाणी गवत जळेल म्हणून कुरकुर करतात आणि लाजाहोमाच्या वेळी गुरुजींशी वाद घालायला कुणालाच उसंत नसते. बाहेरचा आचारी चालतो का, पाऊस आला तर छप्पर कुठलं, जनरेटर आहे का, हे विचार. ओळींमध्ये शिरून विधी करायचा असेल तर बागेत शेवटची फवारणी कधी झाली आणि पुढची कधी, हेही विचार. आपल्याला हिरवीगार दिसणारी बाग औषध मारलेली असते, आणि तान्ही मुलं हात लावतात, तोंडात घालतात.

आता पंधराशे पान. तुझ्या पत्रात हा मुद्दा तू तक्रार म्हणून लिहिला आहेस. जरा उलटा बघ. अण्णा-सासूबाईंनी गेल्या तीस वर्षांत गावातल्या आणि सोयऱ्यांच्या किती लग्नांत जेवण घेतलं असेल, किती टॉवेल-टोप्या घेतल्या-दिल्या असतील? भावकीतल्या कुणी अडचणीला पाणी दिलं असेल, कुणी गारपीट झाली तेव्हा मजूर पाठवले असतील. हा सगळा उधारीचा व्यवहार आहे आणि तो मुलाच्या लग्नात फेडायचा असतो. तुमच्या ऐंशींत त्यांच्या वाट्याला चाळीस. चाळीस नावं निवडायची म्हणजे उरलेल्या चौदाशे जणांशी त्यांनी उद्या कसं बोलायचं?

ऐंशी माणसांचं लग्न तुझ्यासाठी अस्सल असेल, त्यांच्यासाठी ते चोरून केल्यासारखं आहे. म्हणून गावजेवण होऊ दे. लग्नानंतर चार दिवसांनी, त्यांच्या दारात, त्यांच्या पद्धतीनं. बँड, बुंदी, खुर्च्या, राजकारण्यांचे सत्कार, सगळं. तू फक्त एक कर. तिथे येवल्याची पैठणी नेसून, पाच तास, चेहरा आंबट न करता उभी राहा. नाशिक ढोल वाजला तर नाचसुद्धा. सासूबाई ऐंशींच्या लग्नाला मग फार काही बोलणार नाहीत.

आणखी एक सुचवू? खायच्या द्राक्षाच्या जुन्या बागा मांडवावर असतात. डोक्याच्या वर तारांचं छत आणि त्यावर वेल. आता पुष्कळांनी इंग्रजी वाय आकाराच्या आधारांची पद्धत केली आहे, पण निफाडकडे मांडव अजून दिसतात. अण्णांची बाग तशी असेल तर हळद तिथे कर. लग्नाला मांडव लागतोच, तो सासऱ्यानं वीस वर्षं सांभाळलेला असेल तर त्याहून काय पाहिजे! हे तू स्वतः अण्णांना विचार. डिसेंबरात घोस लहान असतात, त्यामुळे डोक्यानं मणी घासले जायची, वरची पांढरट मेणचट लव पुसली जायची भीती नाही. तरी पन्नास माणसं एकदम आत सोडू नकोस, कडेच्या ओळीत बसा. वाइनरी मग एवढी महत्त्वाची वाटणारही नाही कदाचित. वाटली तरी हरकत नाही, मी तुला ती सोडायला सांगत नाहीये.

वाइनचं म्हणशील तर लग्नाच्या दिवशी आवारात एकही बाटली उघडायची नाही, हे अण्णांना आपणहून सांग. मित्रमंडळींना पाजायचीच असेल तर आदल्या दिवशी दुपारी त्यांना तिथे बोलवा, तळघर दाखवा, चाखू द्या, संपलं. जागेचा परवाना असतो तो तिथल्या विक्रीचा आणि चाखण्याचा. तुमच्या समारंभात वाटायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो का, ते जागावाल्यांकडून लेखी घ्या. ‘आम्ही बघतो मॅडम’ यावर जाऊ नका.

राहिला तुझा तो ‘तू म्हणशील तसं’वाला. त्याला हे पत्र वाचायला दे. 2009 साली तो दहा-बारा वर्षांचा असेल. बापानं बाग तोडली असेल तर त्याला ती आठवत असणार, अगदी स्वच्छ. कुऱ्हाडीचा आवाज, त्या दिवशी घरात काय शिजलं, सगळं. तरी त्यानं तुला सांगितलं नाही आणि वाइनरीला मान डोलावली. का, ते त्याला विचार. रागावून नको. पण टोकन भरायच्या आधी विचार. हा प्रश्न मला तुझ्या सासऱ्यांच्या नकारापेक्षा मोठा वाटतो. बाप निदान ‘नाही’ तरी म्हणाला.

ताजा कलममध्ये तू विचारलं आहेस की मंडप खऱ्या द्राक्षांच्या घोसांनी सजवला तर कसं दिसेल. डिसेंबरात तयार घोस मिळणार नाहीत, आणि मार्चात मिळाले तरी टांगू नकोस. दोन तासांत मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या येतात. रस शालूवर गळतो, त्याचा डाग जात नाही. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीला पॉलिहाउसचे गुलाब होतात, ते घे. झेंडू तर आहेच. द्राक्षच हवं असेल तर पाहुण्यांच्या हातात अण्णांच्या बागेतल्या बेदाण्याची पुरचुंडी दे, रिटर्न गिफ्टच्या त्या चकचकीत डब्यांऐवजी. पण बेदाणा फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर सुकवतात, म्हणजे तुला या वर्षीचाच लागेल. अण्णांनी थोडा मागे ठेवलाय की सगळा विकला, हे त्या रविवारी बाग बघून झाल्यावर चहा पिताना विचारून घे.